सहीच्या किल्लीचा माझ्याकडचा अर्धा भाग

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, सकाळची प्रार्थना आटोपून मी एक पत्र्याची डबी खिशात घातली आणि डॉक्टर फोल्कमार एस्टर्ल यांच्या दारी गेलो. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे, पण या मृत्युपत्राचं खरं कारण ती सकाळ आहे.

मी लेओनहार्ड त्सिर्नगिब्ल, वय एकोणपन्नास, दूध संघातला यंत्रदुरुस्ती कामगार. शुद्धीवर आहे, कुणाचा दबाव नाही, आणि कायद्याला हवं तसं सगळं स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

घर, सफरचंदांची झाडं आणि बचत पत्नी वाल्बुर्गाची. तिला हे सांगितलं तेव्हा म्हणाली, "मेल्यावर घर देणार होय? आधी गळकं छप्पर बघ." छप्पर दुरुस्त केलं आहे.

हत्यारं दूध संघाला. माझा हातोडा मेहुण्याने मागितल्यास देऊ नये. मागचा अजून परत आलेला नाही.

तळघरातला सर्व्हर चर्चला. त्यावर चर्चचं संकेतस्थळ आणि ईमेल चालतात. त्यांची ओळख पटवणारं, आमच्या स्वयंसेवी मंडळाचं प्रमाणपत्र बड्या ब्राउझरवाल्यांनी कधी मानलं नाही. चर्चचं पान उघडलं की लाल अक्षरांत धोक्याचा इशारा येई, आणि म्हाताऱ्या बायका घाबरून क्रूसाची खूण करत. त्या कंपन्यांसाठी मी माझा तिरस्कार मागे ठेवतो. तो वाटून घ्यावा, सगळ्यांना पुरेल.

आता डबीविषयी. आमचं मंडळ प्रमाणपत्रं फुकट देतं. संकेतस्थळ किंवा ईमेल खरोखर त्याच माणसाचं आहे, एवढीच त्यांची ग्वाही. पण ती देण्याआधी सभासदाने समोरासमोर बसायचं, फोटो असलेली दोन ओळखपत्रं हातात घ्यायची, चेहरा बघायचा. ओळखीचा असो, नात्यातला असो, सूट नाही. मंडळाच्या सहीची किल्ली दोन भागांत आहे. एक भाग अध्यक्ष डॉक्टरांकडे, दुसरा माझ्या डबीत; तो सोपवतानाही हीच तपासणी आणि तिच्या कागदावर सही. दोन्ही एका हाती गेले, तर तो एकटा कुणाच्याही नावाने ग्वाही देऊ शकेल.

माझ्यामागे डबी डॉक्टरांनाच द्यावी, असं मंडळात ठरत होतं. ते शिकलेले, भाषणं करणारे. मी द्यायलाच गेलो होतो. त्यांनी दारातच हात पुढे केला.

"आण इकडे."

"आधी माझी ओळखपत्रं बघा ना, डॉक्टर."

"अरे लेओनहार्ड, वीस वर्षं बघतोय तुझं थोबाड! आता काय त्याची परीक्षा घेऊ?" आणि तपासणीच्या कागदावर सही ठोकून मोकळे झाले. माझं ओळखपत्र खिशातच होतं. विश्वासावर तासभर बोलणाऱ्या या गृहस्थाला मान खाली घालून एक कार्ड वाचणं जड गेलं. मी डबी घेऊन परत आलो.

तिथून थेट आफ्रा हिर्लिंगरकडे गेलो. ती मधमाश्या पाळते, मंडळाची सभासद आहे आणि पहिलीपासून माझ्या बाकावर बसलेली. तिने हातमोजे काढले, पारपत्र पाहिलं, मग ओळखपत्र उजेडात धरलं.

"मुदत संपलीय रे याची."

"आफ्रा, शस्त्रक्रियेसाठी मला कधीही दवाखान्यात बोलावतील."

"मग लवकर जा कचेरीत. नवं काढ, मग ये."

"मला ओळखत नाहीस का गं तू?"

"ओळखते की. शाळेत माझा पाव चोरायचास. त्याचं कुठे कार्डात लिहिलंय?"

म्हणून डबी आफ्राची. डॉक्टरांना त्यांनी न बघता सही केलेला तो कागद द्यावा, चौकटीसह. चौकट मी केली आहे.

स्वतःच्या हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला इथल्या कायद्याने साक्षीदार लागत नाहीत, मला हवेत. दोघांची ओळखपत्रं पाहिली आहेत. फादर चिडले, पण त्यांनी दाखवली.

साक्षीदार: फादर एंगेलबर्ट लोहमायर; आगाथा प्रुम, पाववाली

हाझलरीड, १९ नोव्हेंबर, संत एलिझाबेथचा दिवस
लेओनहार्ड त्सिर्नगिब्ल

सहीनंतरची भर, त्याच दिवशी: नवं ओळखपत्र दुपारी मिळालं. आफ्राने पारपत्र आणि नवं कार्ड बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा कार्डाकडे. डबी तिच्याकडे आहे.
ले. त्सि.