इहिणीचा जबाब

पिंप्राळा, जळगाव
६ फेब्रुवारी १९९४

ती. आत्यास,
हेमलताचा शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. लग्नाला येत नाही, असं दोन ओळींत लिहून मोकळी झालीस. माझ्या खोकल्याची चौकशीही नाही, म्हणजे राग खराच आहे. आत्या, साखरपुड्यात चूक झाली हे खरं. पण धुळ्याची एस.टी. उशिरा आली, कुणाची ओळखपाळख व्हायच्या आत बायकांनी तुला विहिणीला चिडवायची गाळी म्हणायला पुढे बसवलं, आणि तू सुरू केलंस:

भडगावनी इहीन नटीथटी उनी,
दाल्लाले फेटा बांधी संगे लई उनी!

माझ्या होणाऱ्या सासूबाईंचा, सुनंदाबाईंचा दाल्ला, म्हणजे नवरा, केव्हाच वारला आहे आणि शेजारी फेटा बांधून बसले होते ते त्यांचे सख्खे भाऊ, हे तुला कोण सांगणार होतं? आबांनी सगळ्यांदेखत उठून तुझं गाणं बंद पाडलं, तेव्हा तुझ्याकडे बघवेना. तुझा धाकटा भाऊ, पण आवाज थोरल्याचा. आता म्हणतात, लग्नात गाळी नकोच, टेपरेकॉर्डर लावू. मी काही टेपरेकॉर्डरच्या भरवशावर बोहल्यावर चढणार नाही.

बरं, एक गंमत. नवरदेवांचं, म्हणजे उमाकांतरावांचं, पहिलं पत्र आलं. आठ पानं, आणि सगळी रॅपवर! आमच्याकडे रिक्षारिक्षांत जे भरभर बोलत गाणं वाजतं, ज्याला तू श्वास न घेता केलेलं भांडण म्हणालीस, ते रॅप. न्यू यॉर्कच्या गरीब काळ्या वस्तीत वीसेक वर्षांपूर्वी ते जन्मलं म्हणे. एका बहिणीनं इमारतीच्या हॉलमध्ये नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला आणि भावानं तबकड्या वाजवल्या. गाण्यात नुसता ढोल वाजतो तिथे लोक जास्त नाचतात, हे त्यानं हेरलं. मग एकच तबकडी दोन यंत्रांवर लावून तो तेवढाच ढोल पुन्हा पुन्हा वाजवू लागला. कार्यक्रमाला आलेल्यांची माइकवरून नावं घेऊन दोन शब्द बोलायचे, ही त्याच्या जमैका बेटावरची रीत. पुढे त्या बोलण्याला यमक आलं आणि एकमेकांची खोडी काढायची चढाओढ लागली. वाचता वाचता मला तूच दिसायला लागलीस.

आता पाकिटात पत्र घाल. कार्ड आलं तर मी फाडीन.

तुझी लाडकी, रुसलेली
हेमलता

देवपूर, धुळे
१२ फेब्रुवारी १९९४

चि. हेमलतास अनेक आशीर्वाद.

जावईबापू भला माणूस दिसतो. आठ पानांत एकदाही चंद्राला हात लावला नाही. त्यांना ढोल तरी लागतो. आम्ही टाळ्यांवर भागवतो. नाव घ्यायचं, खोडी काढायची, समोरचीनं सवाई जबाब द्यायचा, हे माझ्या आईनं मला शिकवलं, आणि तिला अमेरिका कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं. पण जावईबापूंना एक विचार. तिकडे कुणी चुकून विधवा बाईला तिच्या नवऱ्यावरून चिडवलंय का?

तुझ्या बापावर, अभिमनवर माझा रुसवा नाही गं. तो पाळण्यातही असाच ओरडायचा. मला त्या बाईंची लाज वाटते. दुखऱ्या जागी बोट ठेवायचं नाही, हा गाळीचा नेम आहे आणि मी नेमकं तिथेच ठेवलं. त्या मान खाली घालून बसल्या होत्या, ते डोळ्यांपुढून जात नाही. कोणत्या तोंडानं येऊ? आहेर माझ्या थोरल्या मुलाबरोबर पाठवते. टेपरेकॉर्डर लावा, तो चुकत नाही.

खोकल्याला अडुळसा घे.

तुझी
आत्या

पिंप्राळा, जळगाव
२३ फेब्रुवारी १९९४

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझा प्रश्न कळवला. उत्तर आलं, या वेळी सहाच पानं, म्हणजे संसाराला आशा आहे. विधवेचं त्यांना ठाऊक नाही. पण सांगतात की पहिली काही वर्षं हे सगळं तोंडीच चालायचं. १९७९ साली तबकड्या निघाल्या तेव्हा काहींना प्रश्न पडला, समोर माणसंच नसतील तर बोलायचं कुणाला? मग ढोलाचं काम यंत्रं करू लागली; पडक्या घरांचं, बेकारीचं, पोलिसांचं बोलणं गाण्यात आलं. एकदा काही पोरांनी गाण्यात एका मुलीची खोडी काढली, तर चौदा वर्षांच्या एका पोरीनं गाण्यातूनच त्यांना असं झाडलं, की त्या उत्तराला उत्तर आणि त्याला आणखी उत्तर, अशी रांगच लागली. ते फिरत फिरत आता आमच्या रिक्षांत पोचलं.

आणखी एक. उमाकांतरावांनी तुझा प्रश्न सासूबाईंनाही वाचून दाखवला. त्या उठून आत गेल्या, आणि संध्याकाळी त्यांनी तुझा पत्ता मागून घेतला. मला धडकी भरली आहे.

तुझीच
हेमलता

भडगाव
२५ फेब्रुवारी १९९४

सौ. शेवंताबाईंना सप्रेम नमस्कार, वि. वि.

अमेरिकेचं मला माहीत नाही, माझं सांगते. उमाकांतचे वडील गेल्यापासून मी कितीतरी लग्नांत बसले. गाळी सुरू झाल्या की बायका एकेकीचं नाव घेतात आणि माझ्यापाशी आल्या की मला ओलांडून पुढचीकडे जातात. मायेनंच करतात. पण मी तिथे बसलेली असून नसते. एके काळी जबाब द्यावा तर सुनंदानं, असं गाव म्हणायचं.

त्या दिवशी तुम्ही माझं नाव घेतलंत. भावाला माझा दाल्ला करून टाकलंत! मी मान खाली घातली ती हसू आवरेना म्हणून. भाऊ फेट्याइतका लाल झाला होता. थोडं रडूही आलं, खोटं कशाला सांगू. जबाब ओठावर आला आणि तेवढ्यात अभिमनभाऊंनी सगळं थांबवलं. माझी पाळी राहून गेली. राग आहे तो त्यांच्यावर, आणि तसं मी त्यांना आजच कळवलं आहे. टेपरेकॉर्डर येणार नाही.

जबाब लिहून पाठवते, म्हणजे तुम्हाला तयारी करता येईल:

धुयानी इहीनले चष्मा शे का नही?
भाऊ कोन, दाल्ला कोन, काही समजस नही!

स्वयंपाकघरात एकटीनं म्हणून पाहिलं, मजा येत नाही. तुम्ही आला नाहीत, तर बाकीच्या मला पुन्हा ओलांडून जातील. तेव्हा या, आणि मला सोडू नका.

लोभ आहे, तो भांडून वाढवावा.

तुमची इहीन
सुनंदा