पूनमसिंगची डाळ आणि ह्यांची दाढी

लोहारा, यवतमाळ
१२ ऑगस्ट २००५

ती. मधुदादास,
सा. न. वि. वि.

वहिनींचा गुडघा बरा आहे हे वाचून जिवाला बरं वाटलं. आता भांडणाचं.

तू पूनमसिंगच्या हरभऱ्याची डाळ पाठवलीस, मी ती कौतुकानं अख्ख्या कॉलनीला घ्यायला लावली, आणि आता मला तोंड दाखवायला जागा नाही. डाळ शिजत नाही. रात्रभर भिजवा, कुकरच्या शिट्ट्यांनी शेजारी उठवा, दाणा दाताखाली टणकच. एका घरात नाही, प्रत्येक घरात. सगळ्यांचे हात एकदम बिघडले असं तर होणार नाही. महालक्ष्म्या तोंडावर आल्यात. यंदा पुरणाला मी दुकानातून डाळ आणणार, वाईट वाटून घेऊ नकोस.

बाकी ठीक. उन्हाळ्यात धरण आटलं तेव्हापासून आमच्या नळाला बोअरचं पाणी येतं, पण येतं हेच नशीब. ह्यांचं मात्र दाढीच्या साबणाशी वाकडं आलंय. फेसच येत नाही म्हणून साबण बदलून झाले, आता दुकानदारालाच लबाड म्हणतात. खरडून खरडून गाल सोललेत. माझेही केस झाडूसारखे झालेत. वय झालं, दुसरं काय.

माझ्यावर राग धर, पण माया पातळ करू नकोस.
तुझी पद्मजा

मारेगाव
२० ऑगस्ट २००५

चि. पद्मजास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन तडक तांड्यावर गेलो. पूनमसिंग आपली शेती अर्ध्या वाट्यानं, बटईनं करतो हे तुला ठाऊक आहेच. दोन वर्षं कापसानं त्याच्या तोंडाला पानं पुसली, म्हणून गेल्या हिवाळ्यात त्यानं हिंमत करून विहिरीजवळच्या तुकड्यात हरभरा घेतला. यंदा दुप्पट पेरायचा बेत होता. पत्र ऐकून तो म्हणाला की बाया नाव ठेवून राह्यल्या तं कायले पेरू, आपला कापूसच बरा. मला फार वाईट वाटलं.

त्याची बायको जमनी मात्र भडकली. तिनं त्याच डाळीतली मूठभर चुलीवर ठेवली आणि माझं पान लावून होईतो तिचा मऊ गोळा करून दाखवला. म्हणे, शहरातल्या बायांले आच देता येत नाही काय. मला ते पटलं. लहानपणी तू रांधलेला भात चिमण्यांनीसुद्धा टाकला होता.

जमनी तुझ्या घरी येऊन तुझ्यासमोर शिजवणार म्हणते. शिजली तर तू कॉलनीभर सांगायचं. नाही शिजली तर हरभरा बंद, पुन्हा कापूस.

चारुदत्तरावांना नमस्कार, गालांना खोबरेल लावा म्हणावं. माझे आशीर्वाद तरी पूर्ण शिजलेले समज.
तुझा दादा

लोहारा
२९ ऑगस्ट २००५

ती. मधुदादास,
सा. न. वि. वि.

चिमण्यांचं काढायची गरज नव्हती. येऊ दे जमनीला, माझा गॅस आणि माझा कुकर तिच्या स्वाधीन. दुकानातली डाळ आणली, तीही शिजली नाही. यंदा सगळ्या जगाचाच हरभरा बिघडलाय, मी एकट्या पूनमसिंगला कशाला बोल लावू?

रागात लिहिलंय, प्रेमानं वाच.
पद्मजा

मारेगाव
९ सप्टेंबर २००५

चि. पद्मजास,
आशीर्वाद.

हे पत्र पूनमसिंगच्या हाती देतो. सोबत जमनी आहे आणि तिचा पाण्याचा कॅन आहे. परक्या गावचं पाणी तिला बाधतं, म्हणून ती कुठंही निघाली की घरच्या विहिरीचं पाणी घेऊन निघते. तिला हसू नकोस. पूनमसिंग रात्रभर झोपला नाही.
दादा

लोहारा
१५ सप्टेंबर २००५

ती. मधुदादास,
सा. न. वि. वि.

जमनी आली, पदर खोचला, डाळ लावली. नळाच्याच पाण्यात, कारण कॅन तिचा प्यायचा. कुकर उघडला तर दाणे जसेच्या तसे. तिनं एक चावला, दुसरा चावला आणि मटकन खाली बसली. पूनमसिंग बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिला. मला कसंतरीच झालं रे, जिंकून.

तेवढ्यात हे न्हाणीतून धावत आले. कानापर्यंत पांढरे, कमरेला टॉवेल, आणि फेस आला, फेस आला एवढंच ओरडताहेत. मी म्हटलं, पाहुण्यांसमोर हे काय. जमनीनं यांच्याकडे पाहिलं, यांच्या हातातल्या कॅनकडे पाहिलं आणि विचारलं की साहेबानं माह्यं प्यायचं पाणी दाढीले काहून घेतलं. नळ गेला होता म्हणून घेतलं, म्हणाले.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. डाळ, साबण, माझे केस, सगळं एकाच नळाखालचं. आणि सगळी कॉलनी त्याच नळावर.

हे दुसऱ्यांदा फेस करायला निघाले होते, मी कॅन ओढून देवघरात ठेवला. उरलेल्या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजली. महालक्ष्म्यांचं पुरण जमनीनं आणि मी मिळून वाटलं. पूनमसिंगनं इतक्या पोळ्या खाल्ल्या की मोजणं पाप. हळदीकुंकवाला मी कॉलनीभर सांगितलं, शब्दाला जागले. त्याला म्हणावं, हरभराच पेर, आणि दुप्पट पेर.

आता आमच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की डाळ शिजते. पण दाढीला काय टाकायचं? म्हणून हे पत्र हे स्वतःच घेऊन येत आहेत. पेरणीचं पाहायला आलो म्हणतील, ऐकून घे. त्या दिवसापासून दाढी राखून ठेवली आहे. आधी विहिरीवर ने, चहा नंतर दे.

वहिनींना नमस्कार. लोभाला आमचं पाणी लागू देऊ नकोस.
तुझी पद्मजा