चुकल्यासारखं

आई, काल लेक हॉस्टेलवरून फोनवर म्हणाली, "मिस यू, आई," आणि माया दाटायच्या आधी माझ्या मनात संशयच आला. हिचं काय चुकलं असेल? काय लपवायलीय? फोन ठेवला आणि तुझा चेहरा आठवला, वालूरच्या चुलीपुढचा.

येलदरीच्या धरणाचं काम तेव्हा नुकतंच निघालं होतं आणि बाबा तिथं स्टोअरवर होते. त्या खेपेला ते आपल्याला न्यायला आले होते. क्वार्टर मिळालं होतं, मी तर मनातल्या मनात बांधाबांधही केली होती. पण सकाळी त्यांचा सदरा धुताना तुला एक गुंडी हिरव्या दोऱ्यानं लावलेली दिसली. "मीच लावली," ते म्हणाले. तू नुसती ती गुंडी बोटानं ओढून पाहिलीस. संध्याकाळी तू भाकरी थापतेयस, मी शेजारी बसलेय, आणि बाबा खुशीत सांगतात, "मी तिथं लय मिस करतो गं." तुझे हात थांबतात. तुला मिस एकच ठाऊक होती, जालन्याच्या मिशन दवाखान्यातली बिनलग्नाची गोरी बाई.

"कोनती मिस?"

"अगं, इंग्रजी हाय ते. इंजिनियर लोक म्हणतेत."

तू माझ्याकडे वळलीस. "तू शिकायलीस ना इंग्रजी? सांग, मिस म्हंजी काय?"

मला पुस्तकातलं वाक्य पाठ होतं, गाडी चुकल्याचं. मी म्हणाले, "चुकणं."

"बघा! लेकीच्या तोंडून निघालं. चुकलाव म्हणायलाव तुमी."

"गाडी चुकती गं, मानूस न्हाई."

"मग गाडीलाच न्या येलदरीला. आमी न्हाई येत."

आणि आपण गेलो नाही. धरण उभं राहीपर्यंत बाबा तिकडे आणि आपण इकडे. ते आले की तू आधी सदरा तपासायचीस, मग पाणी द्यायचीस.

काल मी शब्दकोश काढला. हा शब्द मुळात नेमाचा. बाण सुटला आणि लागला नाही. मग शोधायला गेलं आणि हाती आलं नाही. कुणावाचून सुनं वाटणं हे त्याच्यामागून आलं. जालन्याची मिस मात्र वेगळ्याच घरची, मिस्ट्रेस या शब्दाचं आखूड रूप. मिस्ट्रेस म्हणजे आधी घरची मालकीण, आणि पुढे ठेवलेली बाईसुद्धा. तिथं मी पुस्तक मिटलं. तुला इंग्रजीचा गंध नव्हता, तरी नाक मात्र तिखट होतं.

तू गेलीस त्यानंतर एका सकाळी बाबा चुलीपाशी येऊन उभे राहिले. "लय चुकल्या-चुकल्यावानी होतंय गं," म्हणाले. मला भडभडून आलं. शब्द घरातच होता, आई. त्या संध्याकाळी त्यांनी तोच काढला असता तर आपण येलदरीला राहिलो असतो.

पण डोळे पुसता पुसता माझी नजर त्यांच्या सदऱ्यावर गेली. वरची गुंडी तुटून लोंबत होती.

"लावून घ्यायची की," मी म्हणाले.

"मला कुठं जमतंय ते?"

नजर अधू झाली म्हणून जमत नव्हतं, की कधीच जमलं नव्हतं, ते मी विचारलं नाही. गुंडी लावून दिली, पांढऱ्या दोऱ्यानं. तू असतीस तर हे तुझ्यापासून लपवलं असतं.