एका सकाळी छाटलेली जास्वंद

बाबा, तुमची जास्वंद बहुतेक मी मारली. दुसऱ्या कुणाला सांगायची हिंमत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. पंचवीस दिवस झाले, एकाही खुंटाला डोळा फुटलेला नाही. तुम्हाला जाऊन एकोणतीस वर्षं झाली. या अंगणात तुमच्या हातचं एवढंच उरलं होतं.

झाड बेढब झालं होतं हे खरं. खाली नुसती उघडी खोडं, पानं-फुलं सगळी वर पत्र्याच्या उंचीला. खांदा आखडल्यापासून माझा हात तिथवर जात नाही. शेजारीण कुंपणावरून रोज टोमणा मारायची, "बाई, फुलं तोडाले आता माकड पाळा." एका सकाळी चिडून करवत घेतली आणि नऊच्या नऊ खोडं गुडघ्याएवढी करून टाकली. भर वैशाखात.

तुम्ही किती नीट शिकवलं होतं. मी कॉलेजातून सुट्टीला आले आहे, थंडी सरत आली आहे. तुम्ही झाडापाशी उकिडवे बसून जुनी तीनच खोडं निवडता, बुडाशी तिरपी कापता, कापल्या जागी शेण लिंपता. मी म्हणते, एकदमच कापा ना, काम संपेल. तुम्ही वरही पाहत नाही. "काहून वं, तुले गाडी पकडाची हाय? तीन पुढच्या साली, उरले ते त्याच्या पुढं. पानं म्हणजे झाडाचं तोंड. सारंच तोंड कापशीन त ते खाईल कायनं?" मी हसले होते. नंतर तीस वर्षं वर्गात हेच शिकवलं, पानं अन्न कसं तयार करतात. चुकणाऱ्या पोरींना बाकावर उभं केलं.

आता दोन्ही वेळ पाणी घालते. खोडांना ओली पोती गुंडाळली, वर जुन्या लुगड्याची सावली बांधली. नखानं साल खरवडून आत हिरवं आहे का पाहते. सात खोडं तपकिरी निघाली. उरलेल्या दोन खोडांना हात लावायची भीती वाटते. काल शेजारीण हळूच म्हणाली, "जाऊ द्या ना बाई, झाडच त हाय." मी तिच्यावर इतकी ओरडले की ती आत निघून गेली. तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

आज पवनीला जाऊन रोपवाटिकेतून तसंच लाल, एकेरी फुलाचं रोप आणलं. माळ्यानं विचारलं, "कोणासाठी नेऊन राहिल्या, मॅडम?"

"वडिलांसाठी."

"त मंग कुंडीतलंच न्या. म्हाताऱ्या माणसाले खड्डा खणाचा तरास कायले?"

मी कुंडीच घेतली.

ते रोप अजून लावलेलं नाही. हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून सांगते. तुमच्या झाडाला दिसू नये, यासाठी मी ते मागच्या न्हाणीत ठेवलं आहे.