अमावास्येला बसवलेला प्रोग्राम

औंढा नागनाथ, दि. ३० एप्रिल

चि. जाईस,

विश्वंभरकाकाचे पोटभर आशीर्वाद. इकडे काकूचा गुडघा सोडला तर सगळे ठीक आहेत. तुझं जेवण वेळेवर आहे ना? (तू रात्री बिस्किटं खाऊन झोपतेस असं काकूला स्वप्न पडलं. स्वप्नाला ती पुरावा मागत नाही.) परवा फोनवर तू वैतागून म्हणालीस, की तुमच्या बोलण्यातून मला काही उमजत नाही, पहिल्यापासून सगळं लिहून कळवा. म्हणून हा उद्योग.

सर्वपित्रीला आजोबांच्या श्राद्धासाठी तू आलीस आणि पानं वाढायला अवकाश होता तेवढ्यात माझ्या कॉम्प्युटरवर पत्रिकेचा प्रोग्राम बसवून दिलास. तुझ्यासमोर तो गुणी लेकरासारखा चालला. तुझी गाडी बसस्थानकातून हलली आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने रंग दाखवायला सुरुवात केली. चिन्हावर दोनदा दाबलं की गणपती येतो, मी हात जोडेपर्यंत जातो, आणि मागे नुसता निळा पडदा. एक इंग्रजी चौकट दिलगिरी व्यक्त करते. दिलगिरी घेऊन मी काय करू?

तू सांगितलेलं सगळं केलं. बंद करून चालू केला. उजवं बटण दाबून साहेबाच्या अधिकाराने उघडून पाहिला. साहेबालाही त्याने तेच उत्तर दिलं. व्हायरसचा पहारेकरी घटकाभर झोपवला. प्रोग्राम मुळासकट उपटून पेनड्राइव्हवरून पुन्हा लावला. मग काकूने सूत्रं हाती घेतली आणि मीठ-मोहरी-मिरच्यांनी मॉनिटरची दृष्ट काढली. मिरच्या अशा जळल्या की समोरच्या गल्लीतले लोक खोकत विचारायला आले. शेवटी जवळा बाजारहून रत्नपाल मेकॅनिकला बोलावलं. त्याने डबा उघडून धूळ फुंकली (ती माझ्या सोवळ्यावर बसली), आतली एक पट्टी काढून खोडरबरने घासली आणि "रॅम कच्चा हाय, गुरुजी" असं माझ्या मुलीचं स्थळ मोडल्यासारख्या आवाजात सांगून चहा पिऊन गेला.

तू म्हणशील, आयुष्यभर हाताने पत्रिका मांडल्या, तशीच ही मांडा. अगं, मांडली ना! पण प्रकरण रुपाचं आहे. आपल्याकडे दूध घालणाऱ्या तांड्यावरच्या पारुबाईची रुपा. हिंगोलीला कॉलेजच्या एसटीत तिची नि ओमप्रकाशची ओळख झाली. पोरगा शहाणा, दोन्ही घरं राजी, आणि रुपा परवा लाजत लाजत मला विचारून गेली की तुमचा कॉम्प्युटर बरा आहे का. माझ्या तब्येतीची चौकशी आजवर कुणी इतक्या मायेने केली नाही. आडवे आलेत ते ओमप्रकाशचे काका, थावराभाऊ.

त्यांना छापील पत्रिका हवी. ओसरीवर मांडी ठोकून म्हणाले, "हातची पत्रिका कोनीबी ओढूनताणून बसवते. मशीन झूट न्हाई बोलत. कागद आना, मंग पुढची बात." मी रुपाची जन्मवेळ विचारली. पारुबाई म्हणाली, "गुरं घरला येऊन राहिली व्हती, तवाच झाली पोरगी." हाताच्या गणिताला एवढं पुरतं. पण थावराभाऊंनी मिनिटं मागितली, तेव्हा बिचारी घाबरून म्हणाली, "सहा धा लिवा." झालं, ती दगडावरची रेघ ठरली. शिवाय निघता निघता पारुबाई मला हळूच म्हणाली, "म्हाराज, आमच्या लग्नात कोनं पत्रिका पाह्यली व्हती? तरी झालाच की संसार." आणि माझं पोट तर पत्रिकांवरच चालतं.

तेव्हा जाई, हा प्रोग्राम कसाही उघडून दे. तुझ्या त्या भुतासारख्या हलणाऱ्या बाणाने पुण्यातून उघड, नाहीतर रजा टाकून ये. येत्या सोमवारी थावराभाऊ कागद न्यायला येणार, आणि कागद नसला तर दुसरी मुलगी पाहणार आहेत.

तुझा,
विश्वंभरकाका

ता. क. पहिल्यापासून सांग म्हणालीस म्हणून एक किरकोळ गोष्ट. तू प्रोग्राम बसवलास तो पितृपक्षात, तोही अमावास्येला. शिकल्या-सवरल्या मुलीला बोलायचं जिवावर आलं. म्हणून तू गेल्यावर मी कॉम्प्युटरची तारीख मागे नेऊन अक्षय्य तृतीया केली. मुहूर्त शिळा होऊ नये म्हणून रोज सकाळी पुन्हा करतो. याचा बिघाडाशी अर्थातच काही संबंध नाही.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालताना काकूने पाहिलं आणि म्हणाली, दसरा होऊन गेला नि तुम्ही एप्रिलात कसे? पत्रावरची तारीख मी पडद्यावरून उतरवली होती. खजील होऊन कॉम्प्युटरची तारीख आजची केली, सहज चिन्हावर दाबलं, आणि जाई, गणपती आला तो राहिला. सहा दहा वेळ घातली. छत्तीसात निदान अठरा गुण लागतात; यंत्राने सोळा दिले. माझ्या हाताने पंचवीस येतात. त्या संध्याकाळी नक्षत्र बदललं तेच मुळी गुरं परतायच्या वेळेला. ती पोर अलीकडे जन्मली की पलीकडे, हे फक्त गुरांना ठाऊक. त्यासाठी मी तिचा संसार मोडू देणार नाही.

ता. क. तिसरा, आणि आता पत्र धाडायचं खरं कारण हेच. मी कॉम्प्युटरची पुन्हा अक्षय्य तृतीया केली आहे. प्रोग्राम पूर्ववत उघडत नाही. सोमवारची वाट न पाहता आजच थावराभाऊ येऊन स्वतः बटण दाबून खात्री करून गेले. म्हणाले, "पुन्याची पुतनी म्हनली का हे लगनाआधी सुदरत न्हाई, तर हातची चालते." तुझा नंबर दिला आहे. त्यांचा फोन आला की रत्नपालचा रॅम पुढे कर. लग्नाला तू यायचंच, रुपाने तुला मुद्दाम बोलावलंय. फक्त अक्षता पडेपर्यंत माझ्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही.