तपासणीची तारीख

ग्रिम्सबी

प्रिय क्लिफर्ड,

विनिफ्रेडला भाड्याने दिलेल्या आपल्या घराची गॅस तपासणी काल झाली. तू गेल्यानंतरची पहिलीच. घरातच तुझ्यासारखा गॅसचा कारागीर असल्यामुळे चोवीस वर्षांत त्या दरवर्षीच्या सुरक्षा-दाखल्याला किती पडतात ते मला कळलंच नव्हतं. नव्वद पाउंड! तो माणूस बॉयलर बघून, सही ठोकून अर्ध्या तासात गेलासुद्धा.

तुला दोन तास लागायचे. "गॅस बघतोस की विनिफ्रेडचं तोंड?" असं मी दरवर्षी टोचायचे आणि तू नुसता हसायचास.

त्याच्यामागून मीही निघाले, तर विनिफ्रेडने चहा पुढे केला. "माझा नवरा डग्लस बोटीसकट बुडाला तो हाच दिवस," ती म्हणाली. "या दिवशी मी एकटी नको, म्हणून तुझा नवरा दरवर्षी तपासणी याच तारखेला ठेवायचा. काम झालं की इथंच बसून राहायचा."

मी कोट काढला आणि तुझ्या खुर्चीत बसले. चहात तिने सवयीने तुझी दोन चमचे साखर घातली होती. मला गोड चहा घशाखाली उतरत नाही, तुला ठाऊक आहे.

सगळा प्यायले. पुढच्या वर्षीची तारीखही हीच सांगून आले.

उशिरा शहाणी झालेली,
तुझी बेरिल