टेगनचं घट्ट विणलेलं वल्हं

२ फेब्रुवारी, सकाळ
तब्येती : गुडघा एकदम ठीक. बायकोचा, डॉरीनचा, खोकला कमी, जीभ पूर्ववत. शेडमधला माग कण्हतोय, तेल पाजलं. नातीचं, टेगनचं, खांद्याचं हाड जुळलं. गेल्या मोसमात होड्यांच्या शर्यतीत ऐन लाटेत तिच्या हातातल्या सुकाणूच्या वल्ह्याचे पापुद्रे सुटले नि होडी अंगावर आली. पुन्हा नाही. यंदाचं वल्हं मी विणणार. कार्बनच्या धाग्यांचे थर एकावर एक, त्यांतून आरपार उभे धागे. सुटतीलच कसे? जिलाँगच्या गिरणीत जन्मभर ब्लँकेटं विणली. हे त्यांचंच काळं भावंड.

९ फेब्रुवारी
उभे धागे करकचून आवळले. घट्ट विणलं की टिकतं, हे मला कुणी शिकवायला नको. वाळून कडक होणारं चिकट रेझिन पाजलं. टेगन म्हणाली, आजोबा, तुम्ही केलंय ना, मग मी डोळे झाकून घेऊन जाईन. छाती फुगली. रात्री मात्र दोनदा उठून वल्हं बघून आलो.

११ फेब्रुवारी
शेजारची थुई प्रयोगशाळेत असले नमुने मोडून बघते. डॉरीन म्हणते, उरलेला तुकडा तिला दे. म्हटलं, माझ्या हातावर विश्वास नाही? म्हणाली, हातावर आहे, तोंडावर नाही. चाचणी होणार नाही. निर्णय पक्का.

१२ फेब्रुवारी
डॉरीनने तुकडा परस्पर देऊन टाकला.

१४ फेब्रुवारी, दुपार
तुकडा निम्म्या भारातच मोडला. यंत्र बिघडलं असणार. थुईला तसं सुचवलं. ती म्हणाली, काका, यंत्र ठणठणीत आहे. उभे धागे इतके आवळलेत की भार पेलणारे लांब धागे जागोजागी वाकलेत. ते सरळ राहायला हवेत. हे ब्लँकेट नाही! थर मात्र सुटले नाहीत, असंही म्हणाली. तेवढं पुन्हा म्हणायला लावलं.
टेगनला सांगायचं. उद्या.

१५ फेब्रुवारी
उद्या शर्यत. टेगन वल्हं न्यायला आली. म्हटलं, वार्निश ओलं आहे. बोट लावून म्हणाली, सुकलंय की! म्हटलं, रंग होडीला जुळत नाही. ती हसली, वल्हं खांद्यावर घेतलं. त्याच खांद्यावर. फाटकापाशी गेल्यावर मी ओरडलो, मोडेल गं ते!
तिने वल्हं कुंपणाला टेकवलं, माझ्या गालाला गाल लावला आणि क्लबातलं जुनं लाकडी मागायला गेली.

१६ फेब्रुवारी
किनाऱ्यावर गेलो नाही. गुडघा. रेडिओ म्हणतो, लाटा मोठ्या आहेत. माझं वल्हं डॉरीनने कपड्यांच्या दोरीला टेकू म्हणून लावलंय. ओल्या चादरी, वरून वारा, तरी उभं आहे! पुढच्या मोसमात जरा सैल विणेन.
टेगनला निरोप टाकला : तू बरी? होडीतल्या बाकीच्या बऱ्या? खांदा? लाकडी वल्हं टिकलं का? टिकलेलंच बरं. दोन अक्षरं लिही, पण लगेच लिही.